भूकंपमापकांच्या वाट्याला शांतता येणार का?

हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ रिश्टरचा भूकंप झाला आणि अकरा मिनिटांनी ३.६ रिश्टरचा दुसरा धक्का बसला. नांदेड आणि परभणीतही लोक घराबाहेर आले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, १० जुलैच्या सकाळी, पुन्हा ४.५ रिश्टरचा धक्का जाणवला. दोन्ही वेळा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्याच्या परिसरात होता. मोठी हानी झाली नाही, बातमी दोन दिवसांत मागे पडली. परंतु उदगीर, निलंगा, औसा या भागातील वाचकाने ती जितक्या बारकाईने वाचली असेल तितकी पुण्या-मुंबईच्या वाचकाने वाचली नसेल. कारण उघड आहे. उदगीरपासून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटरवर किल्लारी आहे.

उदगीरचे भौगोलिक स्थान या विषयात लक्षणीय म्हणावे लागेल. नैर्ऋत्येला किल्लारी, जिथे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि आठ हजारांच्या आसपास माणसे गाडली गेली. उत्तरेला, जवळजवळ त्याच रेखावृत्तावर, औंढा नागनाथ. तेथे गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही प्रयोगशाळा उभी राहावयाची आहे. एका ठिकाणी जमिनीच्या हालचालीने इतिहास घडवला. दुसऱ्या ठिकाणी जमिनीची हालचाल शून्यावर आणल्याखेरीज विज्ञान पुढे सरकणार नाही. या दोन्ही टोकांना जोडणारा प्रश्न एकच आहे आणि त्याची चर्चा मराठवाड्यात जवळपास होत नाही. अतिसंवेदनशील कंपनमापक यंत्रांना नको असलेल्या धक्क्यांपासून आणि कंपनांपासून वाचवायचे कसे, हा तो प्रश्न.

भूकंपमापकाची मूळ कल्पना गवंड्याच्या ओळंब्याइतकी सोपी आहे. दोरीला वजन टांगून हात झटकन आडवा हलवला तर दोरीचे वरचे टोक हलते, खालचे वजन मात्र क्षणभर जागीच राहते. जमीन हलली, वजन राहिले. दोघांमधील फरक मोजला की झाली नोंद. आजच्या यंत्रांत हे वजन सूक्ष्म स्प्रिंगवर तोललेले असते आणि ते जागचे हलूच नये म्हणून विद्युतप्रवाहाने त्याला सतत सावरले जाते. सावरण्यासाठी किती जोर लावावा लागला, हेच मोजमाप. अशी यंत्रे मिलिमीटरच्या दहा लाखांश भागाएवढी, म्हणजे नॅनोमीटरच्या पातळीवरची हालचाल टिपतात. त्यामुळे अरबी समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आणि समुद्रतळावर आदळून जो संथ कंप निर्माण करतात, तोही शेकडो किलोमीटर आत मराठवाड्यात नोंदवला जातो. पावसाळ्यात समुद्र खवळला की हा कंप वाढतो.

समुद्राचा त्रास त्यातल्या त्यात सुसह्य आहे. त्या कंपाचा एक हेलकावा काही सेकंदांचा असतो आणि गणिताने तो बाजूला काढता येतो. खरी अडचण माणसाच्या वावराची. ट्रक, रेल्वे, खडी केंद्र, विहिरीवरचा पंप, डिझेल जनित्र, मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंती हे सारे सेकंदाला एक ते वीस आवर्तनांच्या पट्ट्यात जमीन हलवतात. आणि जवळच्या लहान भूकंपाच्या लहरीही नेमक्या त्याच पट्ट्यात येतात. त्यामुळे रस्त्याकडेच्या केंद्रावर सहा-सात रिश्टरचा दूरदेशीचा भूकंप व्यवस्थित दिसतो, पण शेजारच्या गावाखाली झालेला दीड रिश्टरचा धक्का ट्रकच्या गलक्यात हरवतो. ज्या गावाला तो जाणवला, त्या गावाला मग 'नोंद नाही' असे उत्तर मिळते. गावाचा विश्वास उडतो तो इथे.

सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी गावात जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले. किल्लारीपासून हे गाव २८ किलोमीटरवर. १९९३ चा अनुभव असलेल्या पिढीने घरात झोपणे सोडले नसते तरच नवल. नांदेड शहरात त्याआधी, २००६-०७ च्या सुमारास, असेच सूक्ष्म धक्के आणि आवाज सुरू झाले होते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आवारातील भूकंपमापन केंद्रामुळे त्यांचा अभ्यास होऊ शकला. उथळ, लहान धक्क्यांतील जलद कंपने पृष्ठभागावर पोहोचून हवेत ध्वनी म्हणून ऐकू येतात, हे त्यामागचे कारण. म्हणजे आवाज ऐकणारे गावकरी भ्रमात नसतात. परंतु तो आवाज किती खोलीवरून आला, एकाच भेगेवर धक्के होत आहेत की विखुरलेले, ते वाढत आहेत की ओसरत आहेत, हे सांगायला आजूबाजूला किमान चार-पाच शांत केंद्रे लागतात. एखाद्याच केंद्राला दिशा आणि खोली भरवशाने सांगता येत नाही.

किल्लारीच्या बाबतीत ही उणीव महागात पडली. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात त्या परिसरात धक्क्यांची मालिका झाली होती, तिच्यातला सर्वांत मोठा धक्का १८ ऑक्टोबरचा. मग सारे शांत झाले आणि वर्षभराने ६.२ परिमाणाचा भूकंप आला. त्या वेळी जवळपास यंत्रांचे दाट जाळे नव्हते. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची वेधशाळा दोनशे किलोमीटरवर होती. भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये तो विभागच रद्द झाला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात आला. मुख्य धक्क्याची, केंद्राजवळच्या जमिनीचा प्रवेग दाखवणारी एकही नोंद उपलब्ध नाही. जाळे असते तर भूकंपाचे भाकीत झाले असते असे कोणी म्हणू नये. तसे भाकीत आजही जगात कुणाला करता येत नाही. परंतु १९९२ च्या मालिकेचा नेमका अर्थ लावण्याची जी संधी होती, ती यंत्रांअभावी गेली एवढे निश्चित.

आता यंत्रे आहेत. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या देशव्यापी जाळ्यात दीडशेहून अधिक केंद्रे आहेत आणि लातूर, आशिव, औराद शहाजानी ही नावे जिल्ह्यातील प्रत्येक धक्क्यानंतर बातम्यांत येतात. औराद शहाजानी हे उदगीरकरांना त्यातल्या त्यात जवळचे. मात्र यंत्र बसवणे आणि यंत्राला काम करू देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट निविदेत मावते. दुसरी मावत नाही.

सर्वसामान्य समज असा, की नाजूक यंत्र वाचवायचे तर त्याखाली रबर घालावे, स्प्रिंग घालावी. घरातील धुलाई यंत्राला ते चालते, भूकंपमापकाला चालत नाही. रबर जसे ट्रकचे कंपन अडवील तसेच भूकंपाचेही अडवील, किंवा त्याला स्वतःचा हेलकावा जोडून विकृत करील. भूकंपमापकाला जमिनीशी घट्ट जखडूनच बसवावे लागते. म्हणजे त्याचे कंपनांपासून संरक्षण यंत्राखाली नव्हे, जागेच्या निवडीत असते. वस्तुतः या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे आणि तो अभियंत्यांपेक्षा महसूल खात्याच्या आणि नगररचनेच्या कक्षेत अधिक येतो.

उदगीर, जळकोट, देवणी या पट्ट्यासाठी एखादे नवे केंद्र उभारायचे ठरले असे क्षणभर समजू. पहिला मोह होईल तो सरकारी आवारातील रिकाम्या खोलीचा. वीज आहे, पहारा आहे, भाडे नाही. पण तिथे जनित्र असते, दारात वाहने उभी राहतात, फरशी इमारतीला जोडलेली असते आणि वाऱ्याने इमारत डोलली की फरशीही डोलते. म्हणून केंद्राचा चौथरा इमारतीच्या पायापासून वेगळा काढतात, दोघांमध्ये फट ठेवतात आणि चौथरा थेट खडकावर उतरवतात. उदगीरच्या बालाघाट पठारावर काळा पाषाण फार खोल नाही, ही जमेची बाजू. सखल भागात मात्र काळी माती आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर उभारलेला चौथरा ऋतूनुसार कणाकणाने कलतो आणि कल म्हणजे यंत्राच्या दृष्टीने आडवी हालचालच. घराच्या भिंतींना दरवर्षी नवे तडे जाताना पाहणाऱ्या मराठवाड्यातील माणसाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. तापमानाचेही तेच. एप्रिल-मेमध्ये दिवस आणि रात्र यांतील फरकाने धातूची स्प्रिंग ताणते-आखडते; म्हणून यंत्र जमिनीखालच्या खड्ड्यात, जाड आवरणात ठेवावे लागते.

शिवाय लातूर रोडहून उदगीर, बीदरमार्गे विकाराबादला जाणारा लोहमार्ग शहराला लागून जातो. मालगाडीचा कंप खडकातून काही किलोमीटर सहज पोहोचतो. तेव्हा केंद्र लोहमार्गापासून, राज्यमार्गापासून आणि खाणींपासून दूर हवे. आणि दूर नेले की वीज, इंटरनेट, चोरी, उंदीर आणि वळवाच्या पावसातील विजा हे प्रश्न उभे राहतात. शांत जागा ही बहुधा गैरसोयीची जागा असते.

धक्क्यापासूनचे संरक्षण हा निराळा भाग आणि तो अधिक करून वाहतुकीशी निगडित आहे. संवेदनशील भूकंपमापकातील तोललेले वजन प्रवासात मोकळे राहिले तर रस्त्यावरचा एखादा खड्डाही त्याच्या बिजागरीसारख्या पातळ पट्ट्या वाकवू शकतो. म्हणून हलवण्यापूर्वी वजन आतून कुलूपबंद करतात, यंत्र जाड फोममध्ये बसवतात, पेटीवर धक्कादर्शक चिकटवतात आणि यंत्र बसवल्यावरच कुलूप काढतात. कुलूप न लावता यंत्र एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात नेले, तर ते बंद पडेलच असे नाही. ते चालू राहील आणि चुकीचे मोजील, हा अधिक मोठा धोका. जवळच्या जबर भूकंपात नाजूक यंत्राची नोंद मर्यादेबाहेर जाऊन कापली जाते, म्हणून त्याच्या शेजारी दणकट प्रवेगमापक बोल्टने जखडून ठेवण्याची पद्धत आहे. दोघे मिळून काम पूर्ण होते.

कोयना परिसराने यापुढचे पाऊल टाकले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तेथे लहान-मोठे धक्के थांबलेलेच नाहीत. तेथे दीड किलोमीटर खोलीच्या विंधन विवरांत भूकंपमापक उतरवण्यात आले आणि २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विवर पूर्ण झाले. खोल खडकात पृष्ठभागावरचा गोंगाट फारसा पोहोचत नाही, त्यामुळे एरवी हरवणारे सूक्ष्म धक्केही स्पष्ट दिसतात. किल्लारीतही १९९३ नंतर ६१७ मीटर खोल विवर खणले गेले होते आणि तेथील काळ्या पाषाणाचा थर ३३८ मीटर जाड असल्याचे त्यातून कळले. विवर खणण्याचा खर्च मोठा असतो हे खरे. पण शंभर-दोनशे मीटर खोलीवरही गोंगाट बराच घटतो, आणि विंधन विहिरी खणण्याचा अनुभव तरी मराठवाड्यात कमी नाही!

शांततेची किंमत जगाला २०२० मध्ये अनपेक्षितपणे कळली. टाळेबंदीत वाहतूक आणि कारखाने थांबले तेव्हा अनेक देशांतील केंद्रांवर मानवी कंपने निम्म्यापर्यंत खाली आली, आणि एरवी दबून राहणारे लहान भूकंप दिवसाढवळ्या दिसू लागले. यंत्रे तीच होती. स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्यूर येथील भूकंपमापन केंद्राभोवती तर ५० किलोमीटरपर्यंत पवनचक्क्यांच्या उभारणीवर कंपनांच्या हिशेबाने मर्यादा आहेत. पवनचक्कीचे पाते फिरताना मनोरा हलतो आणि पायातून कंप जमिनीत उतरतो. धाराशिव, बीड, लातूरच्या माळांवर पवनचक्क्या वाढत आहेत, त्या वाढाव्यातही. परंतु जागा ठरवताना शेजारी भूकंपमापन केंद्र आहे का, हा प्रश्न परवान्याच्या कागदात असायला हवा.

हाच प्रश्न औंढा नागनाथला शेकडो पटींनी तीव्र होतो. लायगो-इंडियाला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. पुण्याची आयुका, इंदूरची राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र ही संस्था आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग आहे. उद्दिष्ट २०३० चे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या टोकाला आरसे टांगायचे आणि गुरुत्वीय लहर आल्यावर भुजांच्या लांबीत पडणारा फरक लेसरने मोजायचा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन लायगो केंद्रांनी पहिली लहर टिपली, तेव्हा हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काही हजारांश भागाएवढा होता.

येथे संरक्षणाची रीत भूकंपमापकाच्या अगदी उलट. आरसा जमिनीपासून जितका तोडता येईल तितका तोडायचा. ४० किलोचा आरसा चार लंबकांच्या साखळीत काचेच्या जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीच्या तंतूंवर लोंबकळतो. स्वाभाविक हेलकाव्याच्या दहापट वेगाने येणारे कंपन एक लंबक सुमारे शंभरावा हिस्सा करतो; चार लंबक मिळून, निदान कागदावर, दहा कोटींवा. ही साखळी ज्या मंचाला टांगलेली असते तो मंचही सक्रिय असतो. त्यावरचे भूकंपमापक जमिनीची चाल ओळखतात आणि यंत्रणा तत्क्षणी उलट दिशेने ढकलून ती खोडते. म्हणजे आरशाला वाचवणारा पहारेकरी पुन्हा भूकंपमापकच.

एवढे करूनही बाहेरचा गोंगाट आत शिरतो. लुइझियानातील लिव्हिंग्स्टन केंद्राला सुरुवातीच्या काळात आसपासच्या जंगलतोडीने आणि आगगाड्यांनी दिवसा काम करणे कठीण केले होते. सक्रिय मंच तेथे ठरल्याआधीच बसवावे लागले. हॅन्फर्डला तर डोमकावळ्यांनी पाइपवरच्या बर्फावर मारलेल्या चोचींची नोंद शास्त्रज्ञांना शोधून काढावी लागली. मोठ्या धक्क्याची गोष्ट आणखी वेगळी. २८ फेब्रुवारी २००१ च्या निस्क्वाली भूकंपात हॅन्फर्डच्या टांगलेल्या आरशांचे नुकसान झाले. १ जानेवारी २०२४ रोजी जपानमध्ये नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, आणि शंभराहून अधिक किलोमीटर दूर, डोंगराच्या पोटात असलेल्या काग्रा शोधकाच्या अनेक टांगणी बिघडल्या. तो पुन्हा निरीक्षणात सामील झाला २०२५ च्या जूनमध्ये. भूगर्भात असूनही दीड वर्ष गेले.

हिंगोलीच्या २०२४ च्या धक्क्यांकडे या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. ४.५ रिश्टरच्या भूकंपाने प्रकल्पाची जागा चुकली, असा निष्कर्ष काही जणांनी घाईने काढला. तो बरोबर नाही. रोजचे कंपन कमी असणे आणि भूकंप कधीच न होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. औंढ्याची निवड समुद्रापासूनचे अंतर, सपाट जमीन आणि कमी गोंगाट यांवर झाली. अधूनमधून येणाऱ्या धक्क्यासाठी आरशांभोवती अडथळे असतात, वजन ठरावीक मर्यादेपलीकडे झोकांडू नये म्हणून. ते किती जवळ आणि कसे असावेत, हे ठरवायला मात्र स्थानिक धक्क्यांची दीर्घ आणि स्वच्छ नोंद लागते. ती नोंद हिंगोली, नांदेड, लातूरची साधी भूकंपमापन केंद्रेच देऊ शकतात. त्या अर्थाने औराद शहाजानीच्या खोलीतील यंत्र आणि औंढ्यातील आरसा एकाच व्यवस्थेचे भाग ठरतात.

रोजच्या गोंगाटाचे काय, हा प्रश्न उरतोच. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मान्यता दिली आणि तो जोडणार असलेल्या तीर्थक्षेत्रांत औंढा नागनाथचा समावेश जाहीर झाला. भाविकांची सोय आणि रस्त्याची गरज यांबद्दल वाद नाही, शेतकऱ्यांचा जमिनीबाबतचा विरोध हा स्वतंत्र विषय आहे. परंतु सहापदरी रस्त्यावरील अवजड वाहनांचा कंप आणि त्या रस्त्यासाठी लागणाऱ्या खडीच्या खाणींतील सुरुंग किती अंतरावर असावेत, हे मोजून ठरवता येते. मोजमाप आखणीआधी झाले तर खर्च काही महिन्यांच्या सर्वेक्षणाचा. नंतर झाले तर २,६०० कोटींच्या यंत्राने रात्रीच काम करायचे, अशी वेळ येईल. लायगोचे आरसे २०३० च्या सुमारास टांगले जावयाचे आहेत. महामार्गाची आखणी, खाणपट्टे आणि पवनचक्क्यांच्या जागा यांचे बहुतेक निर्णय त्याआधीच होतील.